खुर्चीचा चार्ज, गोवंडीची बाकी

स्पर्धा परीक्षांसाठी जी जाडजूड मार्गदर्शके निघतात, त्यांत एक तक्ता हमखास असतो : ‘महाराष्ट्राचे मुख्यमंत्री’. अनुक्रमांक, नाव, केव्हापासून, केव्हापर्यंत. गोवंडीतली मुलेही तो पाठ करतात. १ मे १९६० रोजी यशवंतराव चव्हाणांपासून सुरुवात होते आणि ५ डिसेंबर २०२४ रोजी देवेंद्र फडणवीस यांनी पुन्हा शपथ घेतली, तिथपर्यंत यायला माणसे वीस लागतात. शपथा मात्र त्याहून बऱ्याच जास्त, कारण काही जण दोनदा, तीनदा येऊन गेलेले. तक्ता अचूक असतो. पण ज्याने उभी उमेद बँकेत घालवली, त्याला त्यात एक रकाना कमी वाटतो. जाणाऱ्याने येणाऱ्याच्या हाती नेमके काय दिले, हे त्यात कुठेच लिहिलेले नसते.

बँकेत शाखाधिकाऱ्याची बदली झाली की हार आणि शाल देऊन भागत नाही. नवा माणूस हजर झाला की दोघे मिळून तिजोरी उघडतात, रोकड मोजतात, सोनेतारणाची पाकिटे रजिस्टरशी ताडून पाहतात, किल्ल्यांच्या वहीत दोघांच्याही सह्या होतात. मग यादी होते : अर्धवट राहिलेली कर्जप्रकरणे, ग्राहकांच्या तक्रारी, ऑडिटचे आक्षेप आणि सस्पेन्स खात्यात पडून असलेल्या नोंदी. ज्या रकमेचे काय करायचे ते अद्याप ठरलेले नाही, ती तात्पुरती ठेवण्याची जागा म्हणजे सस्पेन्स खाते. ‘तात्पुरती’ हा शब्द तिथे फार सैल अर्थाने वापरतात, हे कुठलाही बँकवाला सांगेल. नव्या साहेबाचे जुन्याशी पटत असो वा नसो, ‘चार्ज घेतला’ अशी सही त्याने ठोकली की ती सगळी बाकी त्याची होते. ‘हे माझ्या आधीचे प्रकरण आहे’ असे म्हणायची सोय त्याला उरत नाही.

शाखेचे जे, ते राज्याचे का नसावे? जगात कुणाला हा विचार सुचला का, असे शोधू गेल्यास उत्तर अनपेक्षित ठिकाणी सापडते. पश्चिम आफ्रिकेतल्या घानात.

घाना ६ मार्च १९५७ रोजी स्वतंत्र झाला. पंडित नेहरूंच्या काळातली वर्तमानपत्रे वाचून मोठ्या झालेल्या पिढीला क्वामे एन्क्रुमा हे नाव परिचयाचे आहे. फेब्रुवारी १९६६ मध्ये एन्क्रुमा आशियाच्या दौऱ्यावर असताना लष्कराने मागच्या मागे त्यांची खुर्ची काढून घेतली. ते पुन्हा मायदेशी परतू शकले नाहीत. पुढे १९७२ मध्ये एक बंड, १९७८ मध्ये लष्करातल्या लष्करात दुसरे, १९७९ मध्ये तिसरे. त्या १९७९ च्या जून महिन्यात अचिआंपाँग, अकुफो आणि आफ्रिफा या तीन माजी राष्ट्रप्रमुखांना गोळ्या घालण्यात आल्या. जेरी रॉलिंग्ज या तरुण वैमानिक अधिकाऱ्याने त्याच वर्षी लोकनियुक्त अध्यक्षाकडे सत्ता सोपवली आणि ३१ डिसेंबर १९८१ रोजी ती परत हिसकावून घेतली.

पण गोष्ट इथे संपत नाही. त्याच रॉलिंग्ज यांच्या कारकिर्दीत १९९२ मध्ये नवी राज्यघटना आली. अध्यक्षाला चार वर्षांच्या दोनच मुदती मिळतील, असे ठरले. दोन मुदती पुऱ्या झाल्या आणि ७ जानेवारी २००१ रोजी रॉलिंग्ज यांनी विरोधी पक्षाचे जॉन कुफोर यांच्याकडे मुकाट्याने कारभार सोपवला. तेव्हापासून घानात खुर्ची मतपेटीतून फिरते आहे. आणि २०१२ मध्ये त्या देशाने सत्तांतराचा स्वतंत्र कायदाच केला. कुठले काम कुठे आले, काय अपुरे आहे, याची टिपणे जाणाऱ्या सरकारने तयार करून ठेवलीच पाहिजेत, असे त्यात आहे. थोडक्यात, आमच्या बँकेची चार्ज लिस्ट. ज्या देशाने तीन माजी प्रमुखांचे मुडदे पाहिले, त्याला तिची किंमत कळली.

घाना देश आहे आणि महाराष्ट्र राज्य, हा फरक मोठा आहे. आपल्या मुख्यमंत्र्याच्या हाती लष्कर नाही आणि त्याच्या डोक्यावर दिल्ली आहे. तरीही खुर्ची रिकामी कशी होते आणि रिकामी झाल्यावर कामांचे काय होते, हे दोन्हीकडे सारखेच विचारता येते.

आपल्याकडे ती कशी रिकामी होत गेली? चीनच्या आक्रमणानंतर नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. त्यांच्या जागी आलेले मारोतराव कन्नमवार वर्षभरात, २४ नोव्हेंबर १९६३ रोजी, पदावर असतानाच निवर्तले. पी. के. सावंतांनी दहा-अकरा दिवस गाडा ओढला आणि डिसेंबरात वसंतराव नाईक आले, ते फेब्रुवारी १९७५ पर्यंत राहिले. अकरा वर्षांहून अधिक. त्यांच्यानंतर खुर्चीला जणू चाके लागली. शंकरराव चव्हाण, वसंतदादा पाटील, शरद पवार, अंतुले, बाबासाहेब भोसले, पुन्हा वसंतदादा, निलंगेकर, पुन्हा शंकरराव, पुन्हा पवार, सुधाकरराव नाईक, परत पवार, मनोहर जोशी, नारायण राणे, विलासराव देशमुख, सुशीलकुमार शिंदे, पुन्हा विलासराव, अशोक चव्हाण, पृथ्वीराज चव्हाण, फडणवीस, नोव्हेंबर २०१९ मध्ये तीन-चार दिवसांचे फडणवीस, उद्धव ठाकरे, एकनाथ शिंदे. फेब्रुवारी १९७५ ते डिसेंबर २०२४ या जवळजवळ पन्नास वर्षांत बावीस कारकिर्दी. मध्ये तीनदा राष्ट्रपती राजवट. सरासरी काढली तर एकेकाच्या वाट्याला सव्वादोन वर्षे येतात. आमच्या शाखाधिकाऱ्याचीसुद्धा बदली साधारण तीन वर्षांनी होई. विधानसभेची पाच वर्षांची मुदत सलग पुरी करणारे मुख्यमंत्री दोनच : वसंतराव नाईक आणि २०१४ ते २०१९ मधले फडणवीस.

ही यादी वाचून मान खाली घालण्याआधी तिची जमेची बाजूही पाहिली पाहिजे. या खुर्चीसाठी कुणाच्या छातीत गोळी शिरलेली नाही. उलट आपल्याकडे एक गमतीदार रीत पडली आहे. इथला पदच्युत राज्यकर्ता परागंदा होत नाही, तो कधी कधी पुढच्याच्या मंत्रिमंडळात दाखल होतो. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्रिपद भूषवून झाल्यावर १९७८ मध्ये पवारांच्या हाताखाली मंत्री झाले. राणे विलासरावांच्या मंत्रिमंडळात बसले, अशोक चव्हाण उद्धव ठाकऱ्यांच्या. २०२२ मध्ये फडणवीस शिंद्यांचे उपमुख्यमंत्री झाले आणि २०२४ मध्ये शिंदे फडणवीसांचे. कुणी याला सत्तेची हाव म्हणेल. पण घानाचा १९७९ चा जून आठवला की ही हाव बरीच सुसंस्कृत वाटू लागते.

मग तोटा कुठे होतो? तो होतो चार्ज न दिला-घेतला गेल्यामुळे. जानेवारी १९८२ चे उदाहरण घ्या. उच्च न्यायालयाच्या निकालानंतर अंतुल्यांनी त्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात राजीनामा दिला. बाबासाहेब भोसल्यांचे नाव दिल्लीहून येऊन शपथविधी व्हायला तिसरा आठवडा उजाडला. मधल्या दिवसांत, १८ जानेवारीला, मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. या शहराचे रूप बदलून टाकणारा संप सुरू होत होता, तेव्हा मंत्रालयातली खुर्ची कुणाची, हेच धड ठरलेले नव्हते. वेळीच ठरले असते तर संप मिटला असता, असे मी म्हणणार नाही. त्याची कारणे खोल होती. पण ज्या फायलीवर पहिल्याच दिवशी कुणाचे तरी नाव पडायला हवे होते, तिला धनी नव्हता.

आता गोवंडीकडे येऊ. मी काही वर्षे या भागातल्या एका शाखेत होतो, पुढे राहायलाही इकडेच आलो. खाते उघडायला येणाऱ्या बाया काउंटरवर एक प्लास्टिकची पिशवी ठेवत. पिशवीत रेशनकार्ड, मतदारयादीचा उतारा, लाइट बिल, आणि असलाच तर जपून घडी घातलेला फोटोपास. मागितला असेल एकच कागद, पण त्या पुढ्यात सगळी पिशवी रिती करीत. कुठला कागद केव्हा कामाला येईल याचा नेम नसल्याचे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

तो अनुभव कुठून आला, हे मुख्यमंत्र्यांच्या तक्त्याशेजारी दुसरा एक तक्ता ठेवला की कळते. वसंतराव नाईकांच्या काळात, १९७१ मध्ये, झोपडपट्टी सुधारणेचा कायदा झाला. त्याच सुमारास शिवाजीनगर-बैंगनवाडीत दहा बाय पंधरा फुटांचे प्लॉट आखून शहरातून हलवलेल्या लोकांना इथे वसवले गेले. १९७६ च्या जानेवारीत, शंकरराव चव्हाणांच्या वेळी, झोपड्यांची मोजणी झाली आणि फोटोपास आले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात, आणीबाणी चालू असताना, अणुशक्ती केंद्राजवळची जनता कॉलनी उठवली गेली आणि तिथली हजारो कुटुंबे चित्ता कॅम्पात नेऊन टाकली गेली. मोजणी आणि पाडापाडी एकाच साहेबाच्या कारकिर्दीत.

मग सुरू झाली पात्रतेच्या तारखांची मालिका. १९७६ पूर्वीची झोपडी अधिकृत. पुढे १९८० पूर्वीची. पुढे १९८५ च्या मतदारयादीत नाव असेल तर. जोशींच्या युती सरकारने चाळीस लाख झोपडीवासीयांना मोफत घराचे आश्वासन दिले आणि तारीख आली १ जानेवारी १९९५. मग १ जानेवारी २००० चे आश्वासन निवडणुकीत दिले गेले आणि कायद्यात ते उतरले २०१४ मध्ये, पृथ्वीराज चव्हाणांच्या वेळी. त्यानंतर २०११ पर्यंतच्या झोपड्यांना पैसे भरून घर. प्रत्येक तारखेच्या अलीकडचे आणि पलीकडचे असे एकाच गल्लीचे दोन भाग झाले. एका भिंतीला लागून असलेल्या दोन घरांपैकी एक पात्र, दुसरे अपात्र. यातली कुठलीही तारीख मुळात घराच्या गरजेवरून ठरलेली नव्हती. ती देणाऱ्याची मेहेरबानी होती, आणि मेहेरबानीला चार्ज लिस्टमध्ये रकाना नसतो.

न्यायालयात गेले तरी हाच खेळ. जुलै १९८१ मध्ये अंतुल्यांनी पदपथांवरच्या लोकांना उठवून गावी धाडण्याचे फर्मान काढले. ऑल्गा टेलिस आदींनी त्याविरुद्ध दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १० जुलै १९८५ रोजी आला. पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले. पण रीतसर नोटीस देऊन आणि पावसाळा उलटल्यावर पदपथ मोकळे करण्याची मुभाही दिली. फर्मान अंतुल्यांचे, मध्ये भोसले येऊन गेले, वसंतदादा येऊन गेले, निकाल लागला तेव्हा निलंगेकर होते. उत्तरदायी चौघे, म्हणजे कुणीच नाही.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत गोवंडी-देवनारने जे सोसले, त्याचा हिशेबही असाच फिरला. श्रीकृष्ण आयोग जानेवारी १९९३ मध्ये सुधाकरराव नाईकांनी नेमला. महिन्याभरात ते गेले. पवारांच्या काळात काम चालले. जोशी सरकारने जानेवारी १९९६ मध्ये आयोगच गुंडाळला आणि दिल्लीतून अटलबिहारी वाजपेयींनी सांगितल्यावर मे महिन्यात पुन्हा उभा केला. अहवाल फेब्रुवारी १९९८ मध्ये हाती आला. त्याच्या दुसऱ्या खंडात पोलीस ठाण्यांनुसार हकीकत आहे आणि त्यात देवनारही आहे. पुढच्या सरकारांनी तो अहवाल नाकारला नाही आणि पुरता अमलातही आणला नाही. बँकेच्या भाषेत, नोंद सस्पेन्सला पडून राहिली.

आणि देवनारचा कचरा. तो १९२७ पासून इथे पडतो आहे. म्हणजे आपल्या पहिल्या मुख्यमंत्र्याहून ही नोंद तेहतीस वर्षांनी जुनी. जमा-खर्च महापालिकेचा, हे मान्य. पण शहर वाढवण्याचे निर्णय मंत्रालयात झाले आणि वाढलेल्या शहराचा कचरा गोवंडीच्या उशाशी आला. जानेवारी २०१६ मध्ये डोंगर पेटला, धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला, तेव्हा उरलेल्या मुंबईला हा पत्ता कळला. २०२४ मध्ये याच जमिनीतली सुमारे सव्वाशे एकर धारावीच्या पुनर्विकासासाठी देण्याचे सरकारने ठरवले. शहरातून उठवलेल्यांना गोवंडीत आणण्याची रीत शिवाजीनगरपासूनचीच आहे. एवढी एक परंपरा मात्र प्रत्येकाने न चुकता पुढच्याच्या हाती दिली.

यावर पुष्कळ लोक म्हणतात, खुर्ची स्थिर हवी, एकच माणूस पंधरा-वीस वर्षे राहू द्या. त्यांनी घानाच्या शेजारी पाहावे. टोगो हा देश २७ एप्रिल १९६० रोजी स्वतंत्र झाला, महाराष्ट्राच्या चार दिवस आधी. पहिले अध्यक्ष ऑलिंपियो १९६३ मध्ये मारले गेले. १९६७ पासून एयादेमा या लष्करी अधिकाऱ्याने राज्य केले ते २००५ मध्ये मरेपर्यंत, आणि त्यानंतर मुलगा बसला. इतकी स्थिर खुर्ची आफ्रिकेतही फारशी नाही. तिथे चार्ज देण्याचा प्रश्नच आला नाही, कारण तिजोरीची किल्ली घरातच राहिली. लोकांच्या पिशवीतल्या कागदांना त्याने किंमत आली, असे काही घडले नाही.

स्थैर्य नको असे नाही, पण त्याहून मोलाची एक गोष्ट आहे आणि ती महाराष्ट्राने स्वतःच एकदा करून दाखवली आहे. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात एक लहानसा प्रयोग केला : मागेल त्याला काम. १९७२ च्या दुष्काळात वसंतराव नाईकांच्या सरकारने तो राज्यभर नेला. १९७५ मध्ये त्यासाठी व्यवसाय कर बसला. दर महिन्याच्या पगारपत्रकात ‘पी. टी.’ अशी जी लहानशी वजावट दिसे आणि जिच्याकडे आम्ही कपाळाला आठ्या घालून पाहत असू, ती हीच. १९७७ मध्ये वसंतदादांच्या वेळी विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला. जुलै १९७८ मध्ये पवारांनी वसंतदादांचे सरकार पाडले. ‘खंजीर’ हा शब्द मराठी राजकारणात तेव्हापासून रुळला. आणि तरीही २६ जानेवारी १९७९ रोजी, त्याच पवारांच्या कारकिर्दीत, तो कायदा अमलात आला. चार मुख्यमंत्री, त्यांतल्या दोघांत हाडवैर, पण नोंद एका वहीतून दुसऱ्या वहीत बिनबोभाट गेली. पुढे २००५ मध्ये देशाच्या कायद्याला तिचाच आधार मिळाला. योजनेत भ्रष्टाचार झाला, मजुरी उशिरा मिळाली, हे सारे खरे. पण ‘ती आधीच्या सरकारची’ म्हणून कुणी तिला बंद करू शकले नाही.

का? एक तर ती कायद्यात होती. काम मागणे हा हक्क होता, कृपा नव्हती. दुसरे, तिला तिचे स्वतःचे पैसे होते. आमच्या पगारातून कापलेले, त्याच कामासाठी नाव घालून ठेवलेले. या दोन गोष्टी असल्या की खुर्चीवर कोण बसला आहे याने फारसा फरक पडत नाही. गोवंडीच्या घराचे उलट झाले. पात्रता तारखेवर लटकलेली, तारीख निवडणुकीवर, आणि पैसा बिल्डरच्या नफ्यावर. भाव चढला की योजना हलते, भाव पडला की संक्रमण शिबिरात माणसे म्हातारी होतात. एकच मुख्यमंत्री तीस वर्षे राहिला असता, तरी हे खाते जुळले नसते.

म्हणून राज्यकर्त्याचे मोजमाप त्याने किती दिवस काढले यावर करू नये. त्याच्यानंतर येणाऱ्याला, तो वैरी असला तरी, काय चालू ठेवणे भाग पडले, हे पाहावे. या कसोटीला सव्वादोन वर्षांचा माणूसही उतरू शकतो आणि अकरा वर्षांचाही नापास होऊ शकतो.

आपल्याकडे शपथविधी आता मैदानावर होतात, मोठे पडदे लागतात, सिनेमातली माणसे येतात. त्याच्या आदल्या दिवशी मंत्रालयातल्या एखाद्या साध्या खोलीत जाणाऱ्याने आणि येणाऱ्याने समोरासमोर बसून एका यादीवर सह्या कराव्यात, आणि ती यादी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून यावी, एवढे मागणे फार नाही. किती झोपड्यांची पात्रता किती वर्षे अडकली आहे, कुठल्या आयोगाचा अहवाल कुठल्या कपाटात आहे, देवनारचा डोंगर किती उंच आहे. घानाने अशी सक्ती कायद्याने केली, आपल्याला करता येईल. तशी ती झाली तर मार्गदर्शकातल्या तक्त्याला आणखी एक रकाना जोडावा लागेल. गोवंडीतली मुले तोही पाठ करतील. त्यातले बरेचसे त्यांना न शिकवताच येत असेल.